पस्तीस अंशांपर्यंत

लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवायचा संगणक. माझा मात्र मांडीवर दहा मिनिटेही ठेवता येत नाही. मार्चअखेर लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, बारा हप्त्यांत घेतला. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. उर्दूच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये लिहायच्या, शिवाय मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची. शाळेत संगणक आहे. पण त्याच्यापुढे रांग असते आणि शाळा सुटली की खोलीला कुलूप लागते.

आठवडाभरात त्याचा डावा कोपरा चहाच्या पातेल्यासारखा तापू लागला. पंखा घोंगावायचा आणि अक्षरे बोटांच्या मागे पडायची. दुकानात गेलो. "सर, नया है, थोडा गरम तो होगा." बदलून देण्याची सात दिवसांची मुदत संपली होती, हेही त्याने हसतच सांगितले.

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. नवा संगणक सुरुवातीचे काही दिवस आतल्या आत फार राबतो. नव्या सुधारणा उतरवून घेतो, फायलींची सूची करतो, त्यामुळे तापतो. पण पंधरा दिवसांनीही तेच. मग त्याच रस्त्यावरच्या एका दुरुस्तीवाल्या पोराने तापमान पडद्यावर दाखवले : ९१ अंश. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून बारीक पत्र्यांपर्यंत येते आणि पंखा ती बाहेर फेकतो. यंत्र जितके पातळ तितका पंखा लहान. बहुतेक प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात. "खराबी नहीं है, सर. आपका कमरा कैसा है?"

या प्रश्नाने मी चमकलो. पुस्तिका काढून पाहिली. वापराच्या जागेचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे, असे तिच्यात छापले आहे. पुष्कळ कंपन्या हाच आकडा देतात. मी विज्ञान शिकवतो. शाळेतून तापमापक आणून भिंतीला टांगला. परळच्या चाळीतली आमची वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर पत्रा. दुपारी तीनला पारा ३७ वर. म्हणजे यंत्रात दोष नव्हता. आमची खोलीच त्याच्या हिशेबात बसत नव्हती. पुस्तिका लिहिणाऱ्याने पत्र्याखालचा माणूस धरला नसावा.

अब्बांनी सगळे ऐकून घेतले. ते गिरणीत साचा खात्यात बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. पुन्हा आत गेले नाहीत. ते म्हणाले, "मशीन गरम हुई तो पहले हवा देख." मग स्वतःच हसले, कारण त्यांच्या खात्यात हवा मिळायची नाही. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून खिडक्या बंद आणि वरून पाण्याची वाफ. धाग्याला ओलावा हवा होता, माणूस घामाने भिजला तरी चालत होते.

हवा द्यायची तर घरात टेबलफॅन एकच. छताचा पंखा पत्र्याची झळ खाली ढकलतो, आणि अब्बांना दमा आहे. दोन दिवस मी पाहिले : मी लिहायला बसलो की ते गुपचूप फॅनचे तोंड लॅपटॉपकडे वळवायचे आणि दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. विचारले तर, "अंदर जी नहीं लगता." श्वासाची शिट्टी मला आतपर्यंत ऐकू यायची.

तिसऱ्या दिवशी मी फॅन त्यांच्या खाटेच्या पायाला सुतळीने बांधून टाकला. ते चिडले. "हप्ता कौन भरेगा, मैं?"

आता मी फजरनंतर बसतो. लॅपटॉपखाली दोन खोडरबर ठेवून मागची बाजू उचलून धरली आहे, त्याने खालून वारा जातो. त्या वेळी पारा २८ वर असतो, पंखा जवळजवळ गप्प. ऊन पत्र्यावर चढेपर्यंत एक प्रश्नपत्रिका होते. सातवीच्या झाल्या, आठवीची भूमिती बाकी आहे; आकृत्या घातल्या की तो पुन्हा तापतो.