शौक

मराठीत 'शौक' हा शब्द थोडा बदनाम आहे. एखाद्याला शौक आहेत असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पान, पत्ते आणि उडवलेला पैसा उभा राहतो. उर्दूत तसे नाही. मूल शौकाने शिकते म्हणजे मन लावून शिकते. शौक म्हणजे ओढ, आतून लागलेली आस. मी शाळेत दिवसभर उर्दूत शिकवते आणि शाळेबाहेर पडले की मराठीत बोलते. त्यामुळे एकच शब्द दोन घरांत किती वेगळा नांदतो, हे मला रोज दिसते. माझ्याबद्दल तो कोणत्या अर्थाने वापरला जातो, हेही कळते. "टीचर, नोकरी, दोन मुले, घर, आणि वर हे शौक! जमते तरी कसे?" असे बायका विचारतात. त्यात कौतुक असते, पण कौतुकामागे एक शंकाही असते, की मुलांचे काहीतरी नक्की राहत असणार.

माझे शौक दोनच. एक खुशखती, म्हणजे सुंदर अक्षरलेखन, आणि दुसरा धावणे.

खुशखती मी आठवीत असताना शिकले. अब्बांच्या ओळखीचे एक कातिब होते. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, जलशांची पोस्टरे लिहून त्यांचे घर चालले होते. १९९४ च्या सुमारास संगणकावर नस्तालिक लिहिणारे इनपेज आले आणि पाहता पाहता कातिबांचा धंदा बसला. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांच्यापाशी काम उरले नव्हते, म्हणूनच मला शिकवायला वेळ होता. आधी कलम कापायला शिकवले. आपल्याकडे मोडी ज्या बोरूने लिहीत, त्याच जातीचा हा बोरू, फक्त त्याचे टोक तिरके कापायचे. त्या टोकाच्या रुंदीचा ठिपका म्हणजे एक कत. साऱ्या अक्षरांची उंची, लांबी, गोलाई या कतांनी मोजायची. नस्तालिकमधला अलिफ तीन कतांचा. कलम जाड घेतली तर अलिफ मोठा, बारीक घेतली तर लहान, पण कत तीनच. माप बाहेरून येत नाही, ज्याने लिहायचे त्यातूनच निघते, हे मला तेव्हा कळले नव्हते. फक्त पाठ झाले होते.

उस्ताद सांगत, लांब कशिश ओढताना श्वास रोखून धर आणि कलम उचलल्यावर सोड. श्वास हलला की हात हलतो. पुढे डी.एड्., बी.एड्., लग्न, नोकरी, मूल या सगळ्यांत कलम, दऊत आणि तख्ती ट्रंकेच्या तळाशी गेली. मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा ती बाहेर काढली. आता इशाची नमाज आणि मुलांची निजानीज झाली की ओट्यावरच अर्धा तास बसते. तेवढ्यात एखादी ओळ होते. कधी नुसता 'हे'चा दायरा दहा वेळा काढते आणि दिवा मालवते.

धावणे मात्र मी ठरवून सुरू केलेले नाही. धाकट्याच्या जन्मानंतर पाठ धरली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. फजरनंतर मी चालू लागले. चालण्याचा वेग वाढत गेला आणि एक दिवस लक्षात आले की आपण पळतो आहोत. सलवार, लांब कुर्ता, स्कार्फ आणि पायात बूट असा माझा वेष. जुन्या नाशकातून निघून गोल्फ क्लब मैदानावर जायचे, फेऱ्या मारायच्या आणि मुले उठायच्या आत परत यायचे. कशिश ओढताना श्वास धरावा लागतो, धावताना तो धरून चालत नाही, वाहता ठेवावा लागतो. एका दिवसात दोन्ही करणाऱ्या माणसाला आपल्या श्वासाची चांगली ओळख होते.

मोहल्ल्यात चर्चा झाली. "दो बच्चों की माँ और सड़क पर दौड़ती है," असे एका खालाने माझ्या सासूबाईंना ऐकवले. मी भांडायला गेले नाही. पण आपल्याच परंपरेत काय आहे, ते मात्र मनात आले. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात नोंद आहे, की एका सफरीत पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावली आणि आयेशा जिंकल्या. पुढे त्या अंगाने भरल्या, तेव्हा पुन्हा शर्यत झाली आणि त्या वेळी पैगंबर जिंकले. ही हकीकत खुद्द आयेशांनीच सांगितली आहे, आपले अंग भरल्याचे न लपवता. आणि हज, उमराहला जाणारा प्रत्येक जण सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या मारतो, ती आठवण तरी कुणाची? तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावलेल्या बीबी हाजरांची. एक फेरी सुमारे साडेचारशे मीटरची, म्हणजे सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरांहून थोडे जास्त. आज तिथे हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुष वेगाने चालतात, धावतात. बायकांनी साध्या चालीने जायचे असते. नियम आपल्या जागी आहे, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण मूळ धाव एका आईची होती, एवढे तरी लक्षात राहावे. खालांना मी हे हळूहळू, चहा पिता पिता सांगितले. त्या म्हणाल्या, "वो तो बच्चे के लिए दौड़ी थीं।" मी म्हटले, "मीही मुलांसाठीच धावते, असे समजा ना." त्या हसल्या. मला मात्र माझे उत्तर पुरते खरे वाटले नाही. मी मुलांसाठी धावत नाही. मला बरे वाटते म्हणून धावते. हे सांगायला अजून जीभ रेटत नाही.

आमच्या जिल्ह्याला धावणारी बाई नवी नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी, लांबवरून पाणी आणायची. पुढे तिने नाशिकच्या भोसला मैदानावर विजेंदर सिंग यांच्या हाताखाली सराव केला. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत तिने रौप्यपदक घेतले. मी तिच्या पासंगालाही पुरणार नाही. पण वर्गातल्या मुलींना मी तिची गोष्ट सांगते, कारण ती इथली आहे. एस.टी.त बसले की तिच्या गावाकडे जाता येते. दूरच्या थोर बाईपेक्षा जवळच्या थोर बाईची गोष्ट मुलींना लवकर पटते.

या दोन्ही शौकांनी मला काही दिले असेल, तर ते माझे शहर. मुघल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, हे आम्हां उर्दूवाल्यांना अभिमानाने सांगायला आवडते. पण गुलशन शोधायला इतिहासात जावे लागत नाही. पहाटे दूध बाजारात कॅन उतरतात, त्यांचा आवाज गल्लीत घुमतो. बेकरीच्या भट्टीतून पावाचा वास येतो. थंडीत गोदावरीवर धुके असते आणि त्यात घाटावर कपडे आपटल्याचा आवाज आधी येतो, माणूस मागून दिसतो. पावसाळ्यात पूर आला की सारे गाव विचारते, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? कमरेला की गळ्याला? अख्ख्या शहराने एका मूर्तीला आपला कत केले आहे! संध्याकाळी मुलांना घेऊन भांडी बाजारात जाते, तेव्हा स्टीलच्या डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालणारा कारागीर दिसला की मी थबकते. मुलगी हात ओढते, "अम्मी, चलो ना." पण धाकटाही आता थबकतो. अक्षर घडताना पाहण्यात मौज आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

रविवारी कधी कधी आम्ही पांडवलेणीला जातो. पायऱ्या मी पळत चढते, मुले बापाचा हात धरून येतात. तिथे तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक मोठा ब्राह्मी शिलालेख आहे. सातवाहन राजा पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी तो कोरला गेला. कोरवून घेणारी आहे गौतमी बलश्री, पुळुमावीची आजी आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेणे तिने भिक्खूंना दान दिले आणि लेखात आपल्या मुलाच्या पराक्रमाचे वर्णन करवले. सातवाहनांच्या त्या थोर राजाबद्दल इतिहासकार जे सांगतात, त्यातले पुष्कळसे या आईच्या लेखातून आलेले आहे. मला ब्राह्मी वाचता येत नाही, पण ओळी सरळ ठेवायला कोरणाऱ्याने किती जपले असेल, ते हाताला कळते. मी मुलीला सांगितले, ही एका आईने लिहवून घेतलेली अक्षरे आहेत. तिने विचारले, "तिने स्वतःबद्दल काय लिहिले?" राजाची आई आणि राजाची आजी, असे लिहिले. मुलगी म्हणाली, "आणखी काही नाही?" आहे, पण तेही तिच्या दानधर्माचे, तप आणि उपवासांचे. ती कशात रमत असे, हे दगडावर नाही.

मागच्या वर्षी या शौकांची खरी परीक्षा झाली. एका खासगी क्लासने मला सकाळी सहा ते साडेसात शिकवायला बोलावले. महिना आठ हजार. माझी शाळा अकराची, म्हणजे नाही म्हणायला कारण नव्हते. घराचे हप्ते चालू होते, अजून आहेत. मुलांचे अब्बा म्हणाले, "शौक नंतरही करता येतो, हप्ता नंतर देता येत नाही." वाक्य रागाचे नव्हते, हिशेबाचे होते, आणि हिशेब बरोबर होता. मी दोन दिवस मागून घेतले. आठ हजारांत काय काय होईल याची यादी केली. स्कूटर, मुलीची शिकवणी, दोन वर्षे लवकर फिटणारे कर्ज. दुसऱ्या बाजूला लिहायला फक्त एक ओळ होती: सकाळचा एक तास. कागदावर ती फारच केविलवाणी दिसत होती.

सासूबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मेरा क्रोशिया का डिब्बा कहाँ है, पूछो इससे।" इससे म्हणजे त्यांच्या मुलाला. त्याला ठाऊकच नव्हते की असा काही डबा होता. माहेरी असताना त्या क्रोशाचे टेबलक्लॉथ, टोप्या विणत. पहिले मूल झाले तेव्हा 'बाद में करूँगी' म्हणून डबा कपाटावर ठेवला. पुढे पाच मुले झाली. सवड मिळाली तोवर मोतीबिंदू आला होता. त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच सांगितले आणि तांदूळ पाखडायला उठल्या.

मी क्लासला नाही म्हटले. त्याची किंमत आहे आणि ती सगळे घर देते आहे. स्कूटर आलेली नाही. मी शाळेत पायीच जाते. मुलीची शिकवणी मी स्वतःच रात्री घेते, तेव्हा कलमेचा अर्धा तास कधी पंधरा मिनिटांचा होतो. मुलाला ताप असेल त्या दिवशी धावणे नाही, परीक्षेच्या वह्या आल्या की आठवडाभर दऊत बंद. रमजानमध्ये वेळापत्रकच बदलते. लोक ज्याला समतोल म्हणतात, तो तराजूसारखा कधीच स्थिर राहत नाही. रोज एक पारडे खाली असते. मी एवढेच पाहते, की ते पारडे रोज माझेच नसावे. आणि हेही खरे, की पहाटे मुलांपाशी त्यांचे अब्बा आणि आजी असतात, म्हणूनच मी बाहेर पडू शकते. ज्या बाईच्या घरात असे कुणी नाही, तिला 'वेळ काढ' म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही.

शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या सहा-सात मुली आता कलम कापायला थांबतात. त्यांच्यातल्या एकीने विचारले, "टीचर, धावायला जायचे तर घरी काय सांगायचे?" मी तिला डॉक्टरचे नाव सांग, असे म्हटले नाही. मोठेपणी धावपटू होणार, असेही सांगू नकोस म्हटले. "शौक आहे, असे सांग," म्हटले, "आणि कुणी हसले तर उर्दूतला अर्थ समजावून सांग." पुढच्या शनिवारी ती आली. घरून अजून परवानगी नाही, पण तिच्या अम्मीने तिला खोलीत बोलावून विचारले म्हणे, की तुझी टीचर किती वाजता निघते.

वाचकहो, तुमच्याही घरात कपाटावर एखादा डबा असेल. कुणाचा क्रोशा, कुणाची रंगपेटी, कुणाची कवितांची वही. तो कुणाचा आहे, हे आजच विचारा. आमच्याकडे तो सापडला. सुया गंजल्या होत्या. सासूबाईंनी त्या खोबरेल तेलात बुडवून ठेवल्या आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, बघू या म्हणतात.