हिंगोली ते लंडन, एकटीच!

‘सोबत कोण?’ हिंगोलीहून निघताना आईने विचारलं. म्हटलं, ‘मीच!’

हीथ्रोवर पिकॅडिली लाइन पकडली की थेट रसेल स्क्वेअर. ट्यूबमध्ये शिरताना आणि बाहेर पडतानाही कार्ड टॅप करायचं. बसमध्ये फक्त चढताना. ब्रिटिश म्युझियम चालत गाठता येतं, प्रवेशही फुकट. रात्रीच्या बसमध्ये मी खालीच, ड्रायव्हरजवळ बसायचे.

भीती? पहिल्या रात्री वाटलीच. मग आठवल्या रखमाबाई. लहानपणी लागलेलं लग्न नाकारून कोर्टात लढलेल्या या मुंबईकर १८८९ मध्ये लंडनला आल्या, याच ब्लूम्सबरी भागात शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. माझ्याकडे निदान मोबाइल तरी होता!

आता शेजारच्या काकूंनी ‘सोबत कोण होतं?’ विचारलं की आईच सांगते, ‘कोणी कशाला हवं?’