मिस्त्रींचा कान

पेट्रोल जळते, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः पातळ पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी योग्य प्रमाणात मिसळली तरच. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. आकडा लहान वाटतो खरा. पण हवा किती हलकी! एक लिटर पेट्रोल पुरते जाळावयाचे, तर सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटात जावी लागते. हे लग्न जुळवून देणारा भटजी म्हणजे कार्ब्युरेटर. हल्लीच्या मोटारींत हे काम संगणक करतो, त्यामुळे नव्या पिढीला या भटजीचे नावही फारसे ठाऊक नसते.

आमच्या घरी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. वडील डॉक्टर होते. वाईच्या आसपासच्या खेड्यांत रोग्यांना तपासावयास ते याच गाडीने जात. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली ही गाडी. पुढे हिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून हिने मुंबईत मोठा लौकिक मिळविला. त्या टॅक्सींपैकी शेवटचीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आमची मात्र अजून अंगणात उभी आहे. पन्नास वर्षांपुढील गाडीला २०२१ च्या नियमांनी ‘विंटेज’ हा मान दिला आहे, असे मी घरी सांगितले, तेव्हा सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “मग तुम्हीही त्यात बसता.”

गेल्या पावसाळ्यात गाडी चार महिने झाकून होती. दसऱ्याला ती बाहेर काढली, तो उग्र पेट्रोलचा वास आणि मागे काळा धूर! सिग्नलपाशी उभी राहिली की दोनदा कण्हावे नि बंद पडावे. गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री आता पंचाहत्तरीचे आहेत. वडिलांच्या काळापासून या गाडीला त्यांच्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही. त्यांनी प्रथम कार्ब्युरेटरकडे पाहिलेच नाही. प्लग काढले, ठिणगी तपासली, पॉइंट साफ केले. “गुरुजी, विजेचा दोष असतो आणि मार कार्ब्युरेटरला बसतो,” असे ते नेहमी म्हणतात. प्लगची टोके काजळीने माखली होती. मिश्रणात पेट्रोल फार झाले की अशी काजळी धरते. कमी पडले की टोक पांढुरके होते. आणि प्रमाण बरोबर असले, म्हणजे दूध घातलेल्या कॉफीचा रंग येतो. तो रंग पाहून त्यांनी मग पाना उचलला.

कार्ब्युरेटर उघडून पाहिला, म्हणजे त्याची करामत साधी वाटते. हवा जाण्याची नळी मध्येच निमुळती केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवा धावू लागते आणि तेथील तिचा दाब उतरतो. डॅनिएल बेर्नुली या स्विस गणित्याने हे तत्त्व १७३८ साली ग्रंथात मांडले. व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये त्यावर प्रयोग प्रसिद्ध केले, म्हणून त्या निमुळत्या भागास व्हेंचुरी म्हणतात. दोघांपैकी कोणाच्याही मनात मोटार असणे शक्य नव्हते. दाब उतरला की शेजारच्या लहानशा टाकीतील पेट्रोल पितळी जेटच्या बारीक छिद्रातून आपोआप वर ओढले जाते आणि त्याचा फवारा होतो.

त्या टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. पातळी वाढली की तो वर येऊन सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. मिस्त्रींनी आमचा पितळी फ्लोट काढून गरम पाण्यात बुडविला. बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. फ्लोटला सूक्ष्म चीर गेली होती. आत पेट्रोल शिरून तो जड झाला होता, आणि ज्याने तरंगावयाचे तोच बुडू लागल्यामुळे इंजिन पेट्रोलने न्हात होते.

पूर्वी मिस्त्री फ्लोट कानाशी नेऊन हलवीत आणि आतील थेंबाचा आवाज ऐकून निदान करीत. गरम पाण्याचे भांडे त्यांनी प्रथमच मागविले, हे माझ्या ध्यानात आले. त्यांनीही ते ओळखले. “डावा कान गेला, गुरुजी. उजवाही आता भरवशाचा नाही,” ते म्हणाले, आणि जेट साफ करू लागले.

मला काय बोलावे ते सुचेना. कारण पुढचे काम सारे कानाचे होते.

जेट साफ करण्यातही शिस्त असते. त्यात तार घालावयाची नाही. जेटवर १२० हा आकडा असेल, तर छिद्र साधारण १.२० मिलिमीटरचे, आणि तारेने ते जरा रुंदावले तरी हिशेब चुकला. मिस्त्रींचा पुतण्या हवेच्या पंपाने जेट फुंकून देत होता. पंपाचा रबरी पडदा कडक झालेला होता, तो बदलला. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते सोसत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून मिश्रण किंचित हलके पडते. यासाठी मिस्त्रींनी एक पायरी मोठा जेट बसविला. हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नव्हते. प्लगचे रंग पाहून त्यांनी ते ठरविले होते.

सगळे जोडून झाले. इंजिन तापू दिले. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर काढावयाचा, मग पाव-पाव फेरा फिरवीत इंजिनाचा सर्वांत वेगवान आणि सम ठोका शोधावयाचा, अशी रीत आहे. हा ठोका मिस्त्री आजवर डोळे मिटून ऐकत आले. पुतण्या पुढे झाला. तो नव्या गाड्यांचा कारागीर. संगणक लावून दोष वाचणारा. “काका, मी ऐकतो,” तो म्हणाला.

मिस्त्रींनी त्याला बाजूला केले नाही. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हाती दिला. स्वतः मडगार्डवर पाण्याचा पेला ठेवला आणि डाव्या हाताची बोटे इंजिनाच्या झाकणाच्या कडेला टेकविली. पुतण्या फिरवी, “आता?” असे डोळ्यांनी विचारी, मिस्त्री पाण्यावरील वलये पाहत आणि बोटांनी नकार देत. एकदा पुतण्याला वाटले की झाले. मिस्त्रींचा हात हलला, “अजून.” त्याने किंचित मागे फिरविले. पेल्यातील थरथर बारीक आणि एकसारखी झाली. त्याच क्षणी पुतण्याचाही चेहरा उजळला.

“काय ऐकलेस?” मिस्त्रींनी मोठ्याने विचारले.

तो विचार करून म्हणाला, “मधला अडखळा गेला.”

मिस्त्रींनी त्याला पुन्हा सारे बिघडवावयास लावले. स्क्रू दोन फेरे बाहेर, आणि पुन्हा पहिल्यापासून. असे तीन वेळा. तिसऱ्या वेळी त्यांनी पेला उचलून पाणी ओतून टाकले आणि बोटेही काढून घेतली. पुतण्या एकटाच वाकून ऐकत राहिला. मी घड्याळ पाहिले; साडेसहा वाजून गेले होते, आणि पसरणीचा घाट चढून गाडीची परीक्षा घ्यावयाची राहिली होती. वर हवा विरळ होते, तेव्हा मिश्रण पुन्हा थोडे जड होणार, हे पुतण्याला ते गाडीत मागे बसून समजावीत होते. गाडी तोच चालवीत होता.