साचा

आमच्या मराठी विभागाचे भित्तिपत्रक आता भिंतीवर लागत नाही, संगणकाच्या पडद्यावर लागते. त्याची चाळीसएक पाने आहेत आणि प्रत्येक पानाची वरची व खालची पट्टी तीच. ती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून आधीच्या मुलांनी दोन सामायिक फायली करून ठेवल्या होत्या; एक पानाच्या माथ्याला जोडायची, दुसरी पायथ्याला. वाङ्मय शिकणाऱ्या मुलीने यात कशाला पडावे, असे काहींनी विचारलेही.

माझ्या वर्गात एक मैत्रीण आहे, तिला दिसत नाही. पान वाचून दाखवण्याचे काम तिचा संगणक करतो. आमच्या भित्तिपत्रकातली एक कविता लावून ती मला म्हणाली, "अगं, तुमचं पान माझ्याशी साहेबासारखं बोलतं. ऐक जरा." मी ऐकले. तो इंग्रजी गळ्याचा आवाज काही अक्षरे गिळत होता आणि उरलेल्यांचे हाल करीत होता. दोष यंत्राचा नव्हता. माथ्याच्या फाईलीत पानाची भाषा 'एन', म्हणजे इंग्रजी, अशी नोंदलेली होती. मराठीसाठी तेथे 'एमआर' हवे. नोंद एकाच जागी, पण चाळीसही पाने तेच सांगत होती. माझे वडील वीटभट्टीवर काम करतात. साचा वाकडा असला तर काय होते, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मग एक पान डब्ल्यूथ्रीसीच्या तपासनिसापुढे ठेवले. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापन केलेली ही संस्था. तिचा तपासनीस फुकट आहे, आणि आमच्या व्याकरणाच्या सरांहून कडक! त्याने चुकांची लांबलचक यादी दिली. 'एचटीएमएल', 'हेड', 'बॉडी' हे सारे माथ्याच्या फाईलीत होतेच आणि लिहिणाऱ्यांनी आपापल्या पानांतही ते पुन्हा घातले होते. शोधाची चौकट दोनदा जोडल्यामुळे एकच आयडी दोघींना. पडद्यावर मात्र सारे आलबेल, कारण ब्राउझर अशा चुका मुकाट्याने सावरून घेतो. गंमत म्हणजे भाषेची नोंद त्या यादीत चूक म्हणून नव्हतीच. 'एन' ही खूणही नियमात बसते. वाक्य शुद्ध आणि विधान खोटे, असा तो प्रकार होता.

सर्वांत छळले ते एका 'डिव्ह'ने. तो माथ्यात उघडायचा आणि पायथ्यात मिटायचा. त्यामुळे दोन्ही फायली सुट्या तपासाव्यात तर दोन्ही अपुऱ्या. आणि मधल्या मजकुरात कोणी मिटवणारा एक टॅग जास्त लिहिला, की पुढची सगळी मांडणी विस्कटायची. म्हणून रचनाच उलटी केली. आता एकच अखंड चौकट आहे. तिचे सगळे टॅग तिच्यातच उघडतात व मिटतात. पानाने फक्त मथळा आणि मजकूर द्यायचा, तो मधल्या रिकाम्या जागी बसतो. भाषाही पानाने सांगायची, कारण दोन लेख हिंदीत आहेत. न सांगितल्यास चौकट मराठी धरते.

घरी सांगितले तेव्हा आईने विचारले, "याचे मार्क मिळतात का गं?" नाही, म्हटले. "मग रात्रीचं जागू नकोस."

मैत्रिणीची तक्रार आता निराळीच आहे. आवाज मराठी झाला, पण कविता तो बातम्यांसारखी वाचतो, म्हणते. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. २०१९ ची सहा पाने अजून जुन्याच साच्यात आहेत. ती परीक्षा आटोपली की घ्यायची.