आजोळी येताना मासे आणू नकोस

घोडेगाव, ता. नेवासा
वैशाख

प्रिय भाचीबाईस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सुट्टीत दोन्ही गोल्डफिश बरणीत घालून एसटीने आजोळी आणायचे, हा बेत वाचून मामी हसली आणि आजीने लगेच माळ्यावरचं काचेचं भांडं काढायला सांगितलं. भांडं जिथल्या तिथे ठेवलं आहे. मासे पुण्यातच राहू देत.

दुकानदार मासे बांधून देतो तेव्हा पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरतो. घरच्या बरणीत नुसती हवा, तीही झाकणाखाली बोटभर. पुण्याहून नगर, तिथून संभाजीनगर रस्त्याने घोडेगाव. वैशाखात गाडीचा पत्रा तापलेला असतो. तेवढ्या तासांत कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया त्या वाटीभर पाण्यात साठत जातो. त्यातूनही मासे पोचलेच, तर इथे बोअरचं जड पाणी. हंड्याला आतून पांढरा थर धरतं ते. धरणाच्या पाण्याला सरावलेल्या माशाला एकदम त्यात सोडणं म्हणजे प्रवासाच्या धक्क्यावर दुसरा धक्का.

पण तुझी खरी काळजी प्रवासाची नाहीच. ‘आठ-दहा दिवस त्यांना कोण खायला घालणार?’ या एका वाक्याखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस.

घोडेगावच्या माणसाला प्राण्यांचं कळतं ते गोठ्यातून. इथला म्हशींचा बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांनी भरतो. वैरणीची एक वेळ चुकली की धारेला दूध कमी भरतं, हे इथल्या पोराला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. दावणीचं जनावर उपाशी ठेवून घरच्यांनी जेवू नये, हा शेतकऱ्याच्या घरचा दंडक. म्हशीसाठी तो रास्तच आहे, पण काचेच्या टाकीला लावला की घात होतो.

म्हैस उष्ण रक्ताची. थंडी असो की ऊन, अंग ३८ अंशांच्या आसपास राखायला तिला सतत अन्न जाळावं लागतं. माशाला हा खर्च नाही. पाणी जेवढं गरम, तेवढंच त्याचं अंग. म्हणून वाढ पूर्ण झालेला, धडधाकट गोल्डफिश आठवडाभर काही न खाता सहज राहतो, बहुतेकदा त्याहून जास्तही. नुकती जन्मलेली पिल्लं, आजारी मासे आणि महिनाभरापूर्वीच मांडलेली टाकी यांना मात्र हा हिशेब लागू नाही. तुझ्याकडे यांपैकी काही नाही.

पटत नसेल तर गप्पी आठव. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य विभाग गावोगावी हौदांत, डबक्यांत हे मासे सोडतो. मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, पण आता इथलेच झालेले. त्यांना रोज दाणे टाकायला कुणी जात नाही. अळ्या, शेवाळ, मिळेल ते खातात आणि वर पिल्लांचे थवे वाढवतात.

मग टाकीजवळ गेलं की गोल्डफिश तोंड उघडून काचेला का लागतात? गोल्डफिश कार्पच्या कुळातला आणि या कुळातल्या माशांना जठरच नसतं. अन्न साठवायची पिशवी नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं चरत राहायचं ही त्यांची रीत. ते नेहमीच मागतात, दोन मिनिटांपूर्वी खाल्लेलं असलं तरी.

सुट्टीतली नेहमीची गोष्ट इथूनच सुरू होते. शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि दाण्यांचा डबा सोपवलेला असतो. काकू मायाळू. मासे वर आले की त्यांना कळवळा येतो आणि चिमटीऐवजी मूठ पडते. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, पाण्यात अमोनिया वाढतो. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जीवाणू एरवी त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. पण ही फौज रोजच्या मापाएवढीच असते. चौपट माल एकदम आला की ती तुंबते. चार दिवसांत पाणी दुधासारखं गढूळ होतं, माशांचे कल्ले जळजळायला लागतात. मासा वर येऊन धापा टाकतो, काकूंना वाटतं भुकेलाच आहे, आणि आणखी एक मूठ पडते.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास या गणिताची दुसरी बाजू मांडून पाहिली. त्याची टाकी बारा गॅलनची, म्हणजे सुमारे ५५ लिटर. तुझी दोन फुटी टाकी जवळपास तेवढीच. त्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती. सुरुवातीला जुनी पानं कुजून पाणी बिघडलं. मग त्याने काही गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, त्यांची कोवळी पिल्लं माशांनी खाल्ली आणि पाणी न बदलताही निवळ राहिलं. त्या टाकीत जे साधलं ते मोजक्या माशांमुळे आणि बाहेरून फारसं काही न पडल्यामुळे.

तेव्हा पोटाची काळजी सोड आणि श्वासाची कर. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांना तो ७ च्या आसपास येतो. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची गरज वाढते. फायटर आणि गुरामी थेट हवेतूनही श्वास घेऊ शकतात, गोल्डफिशला ती सोय नाही. बंद फ्लॅटमध्ये मे महिन्यात पडदे उघडे राहिले तर टाकी दुपारभर तापत राहते. पडदे ओढ, झाकणावरचा दिवा बंद ठेव, पाणी काठोकाठ भर. उन्हाळ्यात ते उडून भराभर खाली जातं.

आणि तुझ्या बाबांवर नजर ठेव. कुलूप लावण्याआधी मेन स्विच खाली ओढणं ही प्रत्येक काटेकोर गृहस्थाची सवय असते. त्यासरशी पंपही बंद पडतो, फिल्टरही. स्पंजातल्या जीवाणूंनाही ऑक्सिजन लागतो; पाणी थांबलं की त्यांचं काम अडतं. बाकी सारं बंद करायचं असेल तर करा, टाकीचा प्लग चालू राहिला पाहिजे. हवेचा पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खाली ठेवलेला असेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं, प्लगपर्यंतही पोचतं. पंप उंच फळीवर ठेव, नाहीतर नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव. बॅटरीवर चालणारा पंप दुकानात मिळतो. घोडेगावात टाकी ठेवायची तर तो आधी घ्यावा लागेल.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी पाव हिस्सा पाणी बदल. त्याच दिवशी नको, काही बिघडलं तर दिसायला वेळ हवा. स्पंज नळाखाली धुऊ नकोस, क्लोरीनने जीवाणू जातात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घे. या आठवड्यात नवा मासा आणायचा नाही, कितीही गोड दिसला तरी. दुकानदार सुट्टीसाठी पांढरी वडी दाखवेल, पाण्यात हळूहळू विरघळून दाणे सोडणारी. मासे खावोत न खावोत, ती विरघळतच राहते. तिच्यावर पैसे घालवू नकोस.

इथून जवळच शिंगणापूर. तिथल्या घरांना परंपरेने चौकट असते, दार नसतं. शेजारणीला आत डोकवायला किल्ली मागावी लागत नाही. पुण्यात ती द्यावी लागेल, तर काकूंनाच दे, पण दाण्यांचा डबा कपाटात टाक. आजोबांच्या गोळ्यांची असते तशी सात कप्प्यांची डबी घे आणि दोनच कप्प्यांत एकेक चिमूट भर. बाकीचे पाच रिकामे पाहून त्या विचारतीलच, तेव्हा हे पत्र वाचून दाखव. पंपाचे बुडबुडे चालू आहेत ना आणि पाणी निवळ आहे ना, एवढंच त्यांनी दिवसाआड पाहायचं. मामाच्या फोनवर एक फोटो पाठवला तर आजीचाही जीव भांड्यात पडेल.

घरी परतल्यावर एकदम पोटभर घालू नकोस. पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मं, आणि दुसऱ्या दिवशी थोडं पाणी बदल.

बरणीची जागा रिकामी झालीच आहे, तर तिथे आईला चितळ्यांची बाकरवडी भरायला सांग. गाडी घोडेगावला थांबते ना, हे वाहकाला चढतानाच विचारून घ्या. स्टँडवर मामा येईल.

तुझा,
मामा