चलमूर्ती

१९१० साली कलकत्त्याच्या रस्त्यावर एक हंस उतरला. शुभ्र देह, उंच बाकदार मान, डोळ्यांच्या जागी विजेचे दिवे आणि पोटात पंचवीस-तीस अश्वशक्तीचे इंजिन. रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन या कलकत्त्यात राहणाऱ्या धनाढ्य अभियंत्याने ही उघडी मोटार इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट गावी ब्रुक या कारखान्याकडून खास बनवून घेतली होती. ब्रुक मंडळींचा मूळ धंदा ओतकामाचा आणि जहाजांच्या इंजिनांचा. मोटारींच्या उद्योगात ती अल्पकाळच रमली. पाण्यावरून सरकत जाणारा पक्षी जमिनीवर चालवून दाखवायचा, तर तो जहाजवाल्यांच्याच हातून घडावा, यात एक औचित्य होते.

या हंसाला ‘सजवलेली मोटार’ म्हणणे मात्र अपुरे ठरेल. लग्नाच्या वरातीत झेंडूच्या माळा घातलेली मोटार सजवलेली असते. दुसऱ्या दिवशी माळा उतरवल्या की ती पुन्हा नुसती मोटार होते. मॅथ्यूसनच्या हंसावरून काही उतरवता येत नाही. त्याची चोच इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याच्या यंत्रणेशी जोडलेली होती. चालकाने कळ फिरवली की ती चोच उघडे आणि वाफेचा फवारा पुढच्या गर्दीवर जाई. आठ सुरांचा भोंगा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या दाबावर वाजे आणि मागे बसलेला धनी पेटीसारख्या पट्ट्या दाबून तो वाजवी. चालकाला हुकूम देण्यासाठी जहाजावरच्यासारखा टेलिग्राफ होता. हत्तीच्या लिदीने भरलेली चाके साफ करण्यासाठी ब्रश होते. काव्यशास्त्रात अलंकार शरीराबाहेरचा की शरीराचाच, हा वाद शतकानुशतके चालला. या वाहनापुरता तरी त्याचा निकाल लागलेला दिसतो. येथे अलंकार काढला तर यंत्र थांबते आणि यंत्र थांबले तर अलंकार मुका होतो.

एका तपशिलापाशी मात्र रसिकाने थबकावे. हंसाच्या मागच्या बाजूला एक झडप होती आणि तिच्यातून रस्त्यावर पांढरा चुना सांडता येई. हेतू एवढाच की, पक्षी अगदी खरा वाटावा. वास्तववादाने आजवर कलेत अनेक पराक्रम केले आहेत, पण इतक्या तळापर्यंत तो क्वचितच गेला असेल.

मॅथ्यूसनचा हा हंस मुळात कोणाचा, हाही प्रश्न आहेच. आपल्या संस्कृत काव्यातला, मानससरोवराकडे उडणारा हंस म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा हिमालयापलीकडचा पक्षी असावा, असे पक्षिशास्त्राचे अनेक जाणकार मानतात. मॅथ्यूसनचा लांबमान्या शुभ्र पक्षी युरोपातल्या तळ्यांवरचा. आपल्याकडे तो एखाद्या हिवाळ्यात चुकून आला तर येतो. तरीही या मोटारीच्या पाठीमागे सोनेरी वर्खात कमळे काढलेली आहेत. म्हणजे विलायती पक्ष्याला भारतीय कमळात बसवण्याची जाण तिच्या मालकाला होती. रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती आख्यानातला हंस बोलतो, रडतो आणि दूत होऊन जातो. कलकत्त्याचा हंस फक्त ओरडत होता आणि वाफ सोडत होता.

ती वाफ कोणावर सुटत होती? १९१० चे कलकत्ता ही ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती. ती दिल्लीला हलवण्याची घोषणा पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात झाली. रस्त्यात पायी चालणारे, हातगाडी ओढणारे, डोक्यावर ओझे वाहणारे लोक हेच या तमाशाचे प्रेक्षक आणि हेच त्याचे अडथळे. आपल्या देवळांत अचल मूर्ती गाभाऱ्यात असते आणि चलमूर्ती उत्सवाच्या दिवशी पालखीतून लोकांकडे जाते. तीही मिरवते, तीही दाखवण्यासाठीच असते. पण तिच्यासमोर गर्दी जमावी हीच तिची फलश्रुती. या हंसाला गर्दी हवी होती ती पाहायला; वाटेतून ती दूर व्हावी, हीही अपेक्षा तेवढीच होती. पहिल्याच फेरीत रस्त्यावर इतका गोंधळ आणि घबराट माजली की पोलिसांना मध्ये पडावे लागले. या कलाकृतीचे पहिले परीक्षण असे पोलिसांनी केले आणि ते अगदीच अरसिक होते, असे म्हणवत नाही.

पुढे तो हंस पंजाबातील नाभा संस्थानच्या महाराजांनी विकत घेतला. सत्तर वर्षांहून अधिक काळ तो त्या घराण्याकडे राहिला. १९२० मध्ये त्याच घाटाचे एक लहान पिल्लूही घडवले गेले. या दरबारी शोभेमागची कथा मात्र शोभेची नाही. नाभ्याचे रिपुदमनसिंह युवराज असताना केंद्रीय विधिमंडळात शिखांच्या आनंदविवाहाचे विधेयक मांडणारे गृहस्थ. अकाली चळवळीविषयी त्यांची सहानुभूती लपून राहिली नव्हती. जुलै १९२३ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना गादी सोडायला लावली. त्याविरुद्ध जैतो येथे मोर्चा उभा राहिला. तो पाहायला गेलेले जवाहरलाल नेहरू त्याच वर्षी नाभ्याच्या तुरुंगात पडले. १९२८ मध्ये महाराजांना दूर दक्षिणेत कोडाईकनालला पाठवण्यात आले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. संस्थानिकाने हंसावर बसून मिरवावे, याला सरकारची कधीच हरकत नव्हती. त्याने स्वतःच्या दिशेने चालू लागणे तेवढे सरकारला चालले नाही. हंस मागे राहिला, धनी गेला.

१९९१ मध्ये हे वाहन नेदरलँड्समधील लाउमन यांच्या मोटारसंग्रहात दाखल झाले. त्याची दुरुस्ती झाली, रूप पुन्हा उजळले. २०१० मध्ये त्या संग्रहासाठी हेग शहरात मायकेल ग्रेव्हज या वास्तुकाराने आखलेली नवी इमारत उघडली आणि हंस तेथे विसावला. प्रदर्शन म्हणून यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण: धूळ नाही, ऊन नाही, धक्काबुक्की नाही. पण पाहणाऱ्याला तेथे अर्धीच वस्तू दिसते. चोच, भोंगा, झडप यांतले प्रत्येक अंग चालत्या रस्त्यासाठी घडवलेले आहे, आणि दालनातल्या गुळगुळीत फरशीवर हत्ती येत नाहीत. प्रेक्षक शांतपणे वळसा घालून जातात. त्यांना बाजूला सारण्याची गरज पडत नाही. चलमूर्ती गाभाऱ्यात जाऊन बसली आहे, आणि तिचे १९२० चे पिल्लूही आता त्याच संग्रहात आहे.