ओझ्याचा उपयोग

सत्तरी उलटल्यावर मनुष्यास मरणाचें भय वाटतें, अशी तरुण मंडळींची समजूत असते. ती चुकीची आहे. खरें भय वाटतें तें दुसऱ्याचें ओझें होण्याचें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या मुलाकडे अमेरिकेंत, मिशिगन राज्यांत, सहा महिने राहावयास गेलों, तेव्हां हें भय आम्हीं पेटींतल्या लोणच्याबरोबर जपून नेलें होतें. सून प्रेमळ, नातू गोड, मुलगा कर्तव्यदक्ष. तक्रारीस जागा म्हणून नव्हती, आणि हीच तर पंचाईत होती. भांडीं यंत्र धुई, हिरवळ यंत्र कापी. आमच्या वांट्यास कांहीं उरत नसे. मुलाचें व आमचें बोलणें औषधें, हवामान आणि परतीचें तिकीट या तीन विषयांपलीकडे जात नसे.

याचें मूळ जुनें आहे. तो दहावींत असतांना त्यानें पुण्याच्या आमच्या अंगणांत सायकल खोलून तिचे छर्रे वाटींत काढून ठेविले होते. परीक्षा तोंडावर आलेली! आम्हीं संतापून ती सायकल तशीच सुटी भंगारवाल्यास देऊन टाकली, आणि चिरंजिवांस गणिताचें पुस्तक पुढें ठेवून बसविलें. 'जागचा हलूं नकोस,' असें बजावल्याचें आम्हांस स्मरतें. त्यासही स्मरत असावें. कारण त्यानंतर हातांत पाना घेऊन तो आमच्यासमोर कधीं आला नाहीं.

त्याच्या मोटारखान्यांत 'क्वाड' नांवाचें एक वाहन आहे. मोटारसायकलीसारखें खोगीर व हँडल. परंतु चाकें चार, तींही फुगीर, आणि हवा चौरस इंचास चार-पांच पौंड इतकीच. पूर्वीं अशा गाड्यांस तीन चाकें असत. त्या उलटून इतके अपघात झाले कीं, १९८८ सालीं सरकारशीं झालेल्या तडजोडीनें अमेरिकेंत त्यांची विक्री थांबली आणि चार चाकांचें राज्य सुरू झालें. मिशिगन सरोवराच्या पूर्वेस सिल्व्हर लेक येथें वाळूच्या टेकड्या आहेत. तेथील कांहीं भाग अशा वाहनांसाठीं राखून ठेविलेला आहे. आमचा मुलगा तेथें जात असे. त्या वर्षीं वसंतांत डावें चाक वाळूंत दडलेल्या एका ओंडक्यावर आदळलें व त्यास वळविणारा लोखंडी दांडा, ज्यास 'टायरॉड' म्हणतात, तो वांकला. नवा दांडा अंदाजानें बसविण्यांत आला. तेव्हांपासून सरळ जावयाचें तर हँडल तिरपें धरावें लागे, आणि वेग वाढला कीं वेसण नसलेल्या खोंडाप्रमाणें गाडी इकडेतिकडे तोंड फिरवी. 'ती सरळ चालत नसेल तर विकून टाका,' असा सूनबाईंनीं निकाल दिला होता.

एका शनिवारीं सकाळीं मुलगा आमच्या खोलीच्या दारांत येऊन उभा राहिला. 'बाबा, तुमचें वजन किती?'

आम्हांस वाटलें, पुन्हां डॉक्टर. 'बहात्तर किलो.'

'माझें चौऱ्याहत्तर. चालेल. जरा गाडीवर येऊन बसतां?'

कारण त्यानें मागाहून समजाविलें. बैलगाडीस ही विद्या लागत नाहीं. तिचीं दोन्ही चाकें एकाच आंसावर खिळलेलीं. क्वाडचें पुढचें प्रत्येक चाक मात्र स्वतंत्र भुजांवर व स्प्रिंगवर लोंबतें, आणि त्याची दिशा टायरॉड ठरवितो. धांवतांना तीं चाकें बाहेर फांकूं पाहतात. म्हणून उभ्या गाडींत त्यांच्या पुढच्या कडा मागच्या कडांहून किंचित् जवळ ठेवितात. यास 'टो-इन' म्हणतात. सरळ धांवावयाचें तर उभें असतांना एकमेकांकडे थोडें पाहावें लागतें, असा हा न्याय आहे. परंतु स्वार बसला कीं भुजा खालीं दबतात आणि चाकांचा कोनही बदलतो. रिकाम्या गाडीचें माप रिकाम्या गाडीपुरतेंच खरें. आणि रिकामी गाडी कोणी चालवीत नाहीं. स्वार स्वतःच माप घेणारा असल्यास त्याच्या जागीं तितकेंच ओझें हवें. तें ओझें आम्ही!

प्रथम त्यानें दोन्ही चाकांची हवा सारखी केली. चाकें हातानें हलवून सांधे ढिले नाहींत ना, तें पाहिलें. मग आम्हांस चढविलें. आंसाच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूच्या खुणा झाल्या. नातवानें फितीचें एक टोंक धरलें. पुढचें अंतर ९९.६ सेंटिमीटर भरलें. नंतर गाडी आम्हांसकट चाकाचा अर्धा फेरा पुढें ढकलली, म्हणजे त्याच खुणा मागें त्याच उंचीवर आल्या. तेथें अंतर ९८.४. चाकें एकमेकांकडे पाहण्याऐवजीं बारा मिलिमीटर तोंड फिरवून उभीं होतीं! रिकाम्या गाडींत हाच फरक नऊ भरला होता. तीन मिलिमीटरांचें सत्य आमच्या वजनानें बाहेर काढलें, हें ऐकून आम्ही खोगिरावर अंमळ ताठ बसलों.

टायरॉडच्या एका टोंकास सुलटे आटे असतात व दुसऱ्यास उलटे. त्यामुळें चेकनट सैल करून तो नुसता फिरविला तरी लांबी कमीजास्त होते. मागच्या चाकांपासून दोरी ताणून मुलानें आधीं डावीउजवी बाजू सारखी केली, मग दोन्ही दांडे सारखेच थोडेथोडे फिरविले. आमचें काम हँडल सरळ धरणें. मध्येंच नाक खाजलें म्हणून आमचा हात उठला.

'बाबा, जागचे हलूं नका.'

पाना थांबला. आमच्याप्रमाणें त्यासही तें वाक्य ओळखूं आलें होतें. क्षणभरानें तो खालूनच म्हणाला, 'त्या सायकलचे छर्रे अजून माझ्यापाशीं आहेत.'

'ती सायकल द्यावयास नको होती,' आम्ही म्हणालों. पंचवीस वर्षें हें वाक्य आमच्या घशांत होतें. बाहेर पडलें तें अगदीं साध्या आवाजांत. त्यानें उत्तर दिलें नाहीं. परंतु त्या दिवशीं दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही तिघे बोलत होतों, आणि त्यांत औषधांचें नांव नव्हतें.

शेवटचें माप पुढें ९८.८, मागें ९९.३ असें आलें. चेकनट आवळल्यावर पुन्हां एकदां मोजलें, कारण आवळतांनाही दांडा फिरतो. पुढच्या रविवारीं सिल्व्हर लेकच्या वाळूवर ती गाडी सुतासारखी सरळ गेली. सूनबाईंनीं आपला निकाल निमूटपणें मागें घेतला.

असो. यंदा वसंतांत मुलाचा फोन आला. चाकांचें माप पुन्हां घ्यावयाचें होतें; तांदळाचीं पोतीं गाडीवर ठेविलीं होतीं.

'मग जमलें कीं!' आम्ही म्हणालों.

'वजन जमलें,' तो म्हणाला, 'पण पोतीं हँडल सरळ धरीत नाहींत.'

फोन ठेवल्यावर आम्हीं कपाट उघडून पासपोर्ट काढला, आणि चष्मा लावून त्याची मुदत पाहिली.